थोडक्यात

अपेक्षित अपघात : दोन पूर्णांक तीन दशांश.
पहिल्या वर्षी हे लिहून मी थांबले होते.
अपेक्षित असेल तर तो अपघात कसला,
आणि तीन दशांश माणूस
कुठल्या वॉर्डात दाखल करतात?
आता थांबत नाही. दशांश एकच ठेवते.

मानखुर्दचा जोडरस्ता, पुलाचं तोंड,
कचऱ्याच्या गाड्या देवनारकडे वळतात तो चौक.
फायलीत त्याचं नाव जे-सतरा.
माझ्याकडे आहे रस्त्याची रुंदी, वळणाची त्रिज्या,
तासाला किती वाहनं,
खांबावरचा दिवा चालू की बंद, म्हणजे एक की शून्य,
आणि पोलीस चौकीतून आलेली पाच वर्षांची नोंदवही,
जिचे बहुतेक रकाने रिकामे.

हवालदार मोकल म्हणाले,
"मॅडम, मेला तर लिहितो. हाडबीड मोडलं तर लिहितो.
थोडक्यात वाचला
तर दोन शिव्या घालतो आन् सोडतो.
ते कुठं लिवायचं?"

तेव्हापासून मी थोडक्यात मोजते.

कॅमेऱ्याचं चित्रण, सेकंदाला पंचवीस फ्रेम.
रस्त्यावरच्या एका ठिपक्यावरून माणूस जातो,
मग त्याच ठिपक्यावरून डंपर.
मधला वेळ लिहायचा.
दोन सेकंदांच्या वर असेल तर ते नुसतं जगणं,
त्याची नोंद नाही.
एकाच्या खाली असेल तर लाल.

इडलीवाला रोज सहा चाळीसला येतो.
सायकल, मागे ॲल्युमिनियमचा डबा, हँडलला भोंपू.
चित्रणाला आवाज नाही,
भोंपू मी माझ्या पदरचा घालते.
एक पॉइंट एक. पॉइंट नऊ.
सोमवारी पॉइंट सहा :
पंधरा फ्रेम आधी तो जिथे होता
तिथे सिमेंटचा मिक्सर फिरत गेला,
आणि याचा हात भोंपूवर तसाच,
मान वळली नाही.

गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही.
नोंदवहीत शून्य.
वर्गात मी शिकवते, शून्य दोन तऱ्हेचं असतं :
काही घडलंच नाही ते एक,
घडलं आणि कुणी लिहिलं नाही ते दुसरं.
मुलं वहीत उतरवून घेतात.
काढताना दोन्ही सारखीच गोल येतात.

शनिवारी मीच गेले.
मोकल रजेवर. चहाच्या टपरीवर विचारलं.
"कुठला इडलीवाला? चार जातात इथून."
लाल टोपीचा, मी म्हटलं,
आणि मग वाटलं, टोपी लाल आहे
की मीच त्याला लाल करत आलेय इतके दिवस?
एक जण म्हणाला, गावी गेला, बहिणीचं लग्न.
दुसरा म्हणाला, तो वेगळा.
चहाचे पैसे दिले. रिक्षासाठी पलीकडे गेले.

सोमवारी शनिवारचं चित्रण उघडलं.
नऊ बावीस. हिरवा कुर्ता, खांद्याला पिशवी,
मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत
रस्ता ओलांडणारी बाई.
तिच्यामागून पाण्याचा टँकर.
मी फ्रेम मोजल्या. मागे नेऊन परत मोजल्या.
अकरा.

टँकर मला आठवत नाही.
आठवतं ते इतकंच की खांबाकडे बघून
मी मनात म्हणत होते,
कोन जरा डावीकडे हवा होता.

नोंद केली. पादचारी, स्त्री, वय अंदाजे पंचेचाळीस.
पॉइंट चव्वेचाळीस. लाल.
मॉडेल पुन्हा चालवलं,
जे-सतराचा आकडा चौथ्या दशांशाला हलला,
आणि मी तर एकच ठेवते.

शनिवारी घरी पोचले तेव्हा
सासऱ्यांनी दारातच विचारलं होतं,
उशीर का? रस्त्यात काही झालं का?
चप्पल काढता काढता मी म्हटलं होतं,
नाही, काहीच नाही.